लातूरच्या ट्यूशन एरियातली मुलींची मेस : एका वर्षाचा आणि आठ दिवसांचा अनुभव

ही मेस लातूरच्या ट्यूशन एरियात, मुख्य रस्ता सोडून आत तिसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही. मेस चालवणाऱ्या मावशींनीच नको म्हटलं. "ताई, आहेत एवढ्या पोरी बास झाल्या. अजून आल्या तर वरण पातळ करावं लागंल," असं त्या म्हणाल्या आणि ते मला पटलं. तरीही जून महिन्यात पोरीचा हात धरून मेस शोधत हिंडणारे आईबाप मी या आठ दिवसांत इतके बघितले, की त्यांनी काय बघावं आणि काय विचारावं हे लिहून ठेवावं असं वाटलं.

माझी भाची गेलं वर्षभर इथं जेवली. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल १४ जून २०२५ ला लागला. त्यानंतर मी आठ दिवस रजा काढून तिच्याजवळ राहिले आणि दोन्ही वेळ इथंच जेवले. मी सोलापूरला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळं कुठंही जेवायला बसले तरी माझी नजर आधी वाढणाऱ्याच्या हाताकडं, पाण्याकडं आणि फडक्याकडं जाते. चव त्यानंतर.

आधी दर सांगते. साधा डबा महिन्याला २,६०० रुपये : दोन्ही वेळ तीन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. स्पेशल ३,८०० : चार पोळ्या तूप लावून, दोन भाज्या, वरण-भात, दही नाहीतर ताक, आणि कधी एखादं केळं. तिसरा प्रकार मी लातुरात दुसऱ्या कुठल्या मेसच्या पाटीवर लिहिलेला बघितला नाही. 'नुसतं कोरड्यास', १,३०० रुपये. भाकरीशी लावून खायचं जे काही असेल, भाजी, आमटी, पातळ कालवण, त्याला आमच्या भागात कोरड्यास म्हणतात. म्हणजे दोन्ही वेळची भाजी आणि वरण मेसचं, भाकर तुमची. माझी भाची वर्षभर या कोरड्यासावर जेवली.

सकाळी साडेदहा ते दीड आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ अशी वेळ आहे. क्लासची बॅच उशिरा सुटली तर पावणेदहालाही ताट मिळतं, फक्त दुपारीच सांगून ठेवावं लागतं. चार दिवसांच्या आतला खाडा धरत नाहीत. पाच दिवस गावी गेलात तर पूर्ण पाच दिवसांचे पैसे वळते होतात, आणि मागावे लागत नाहीत. रविवारी सकाळी फिस्ट असते, संध्याकाळी मेस बंद.

चव. मटकीची उसळ, दोडका, वांगं, मेथीचा पेंडपाला, फ्लॉवर, बटाटा असं फिरतं चक्र आहे. तेल बेताचं, तिखट आमच्या मानानं कमी. पोळीची मी मुद्दाम परीक्षा घेतली. सकाळच्या तीन पोळ्या डब्यात बंद करून ठेवल्या आणि दुपारी तीनला उघडल्या. मऊ होत्या, कडा वाळल्या नव्हत्या. भात जाड तांदळाचा आहे. गुरुवारी बऱ्याच मुलींचा उपवास असतो, म्हणून स्वयंपाक थोडा होतो आणि त्या दिवशी वरण हमखास पातळ असतं. हे मी मावशींना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ते कबूल केलं. बुधवारी संध्याकाळी मात्र येसराची आमटी असते. डाळी आणि धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं येसर मावशी स्वतः करतात. जिना चढताना तो वास आला आणि मी मधल्या पायरीवर थांबले. आमच्या घरी येसर फक्त पाहुणे आले की व्हायचं, आणि आमच्याकडं पाहुणे फार येत नसत.

पाण्याचा जार जमिनीवर ठेवलेला होता आणि त्याच्या नळाला चपलेची धूळ लागत होती. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी जार स्टुलावर होता आणि शेजारी नवीन मग होता. हात धुवायला एकच नळ आहे, चौऱ्याऐंशी मुलींना. ही खरी उणीव आहे आणि जागा भाड्याची असल्यामुळं ती लवकर दूर होईल असं दिसत नाही. पोळ्या लाटणाऱ्या दोन्ही बायांची नखं कापलेली होती आणि डोक्याला रुमाल होता.

या मेसच्या आधी भाचीला दुसरी एक मेस लावली होती. तिथं तीन महिन्यांचे पैसे आधी घेतले. पंधरा दिवसांत तिचं पोट बिघडलं, तिसऱ्यांदा बिघडल्यावर आम्ही ती बंद केली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. तिथं स्पेशलच्या डब्यांना लाल झाकण आणि साध्या डब्यांना पांढरं झाकण होतं, आणि स्पेशलवाल्या मुलींना टेबल-खुर्ची तर बाकीच्यांना सतरंजी. वाढणाऱ्याला सोपं जावं म्हणून तसं केलंय असं सांगितलं गेलं. सतरा वर्षांची पोरगी दिवसातून दोनदा आपल्या बापाची ऐपत झाकणावर वाचते, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

इथं सगळे डबे एकाच मापाचे, एकाच स्टीलचे. फडकंही एकाच ताग्यातलं, निळ्या चौकड्यांचं. वेगळेपण आत आहे, बाहेर नाही. सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात.

आता भाकरीचं सांगते. आमचं गाव औश्याच्या पुढं आहे. वहिनी पहाटे चारला उठून भाकरी थापते आणि दादा ते गाठोडं फाट्यावर पहिल्या एसटीत ठेवतो. सव्वाआठच्या सुमारास लातूरच्या स्टँडवर गाडी लागते. चार-पाच गावच्या मुलींनी पाळ्या लावून घेतल्यात, एकजण जाऊन सगळ्यांचे डबे आणते. आठातले दोन दिवस मी गेले. ड्रायव्हरच्या मागं डबे आणि गाठोडी रांगेनं लावलेली होती. आमचं गाठोडं वहिनीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं होतं आणि हाताला अजून कोमट लागत होतं.

मीही असाच डबा खाऊन शिकले. १९९६ साली दहावी झाले आणि राजर्षी शाहू कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. आमचे अण्णा सालगडी होते. पाडव्याला साल बदलायचं, त्या वर्षी त्यांचं साल नऊ हजारांचं होतं आणि वर पाच पोती ज्वारी. माझा डबा ॲल्युमिनियमचा होता. झाकणावर अण्णांनी खिळ्यानं माझं नाव ठोकून घेतलं होतं, त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं म्हणून शाळेच्या मास्तरांकडून आधी खडूनं लिहून आणलं होतं. तो खडू पुसायच्या आत गडबडीनं ठोकल्यामुळं शेवटचं अक्षर वाकडं आलं. कुठलाही ढीग असला तरी मला माझा डबा त्या अक्षरावरून ओळखू यायचा.

तेव्हा मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती. ज्याला आज सगळे लातूर पॅटर्न म्हणतात, तो त्या वेळी कॉलेजच्या आत होता. १९७० साली सुरू झालेलं हे कॉलेज. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या माणसांनी तिथं जी शिस्त लावली, तिच्यावर पुढं हा पॅटर्न उभा राहिला. जादा तास तेच प्राध्यापक घ्यायचे, सराव परीक्षा तिथंच, उत्तरपत्रिका तपासून हातात मिळायची आणि चूक कुठं झाली ते समोर बसवून सांगायचे. चौघींत मिळून एक खोली, माझ्या वाट्याला ऐंशी रुपये भाडं. डब्याचं भाडं, वह्या-पुस्तकं, सगळं धरून वर्षाचा खर्च चार हजारांच्या आत बसला. अण्णांच्या रोख सालाच्या निम्म्याहून कमी. ज्वारी होती म्हणून घर चाललं.

आता भाचीचं २०२४-२५ चं वर्ष. क्लासची फी १,१०,०००. कॉट बेसिसवर जागा महिना ३,५००, म्हणजे ४२,०००. अभ्यासिका महिना ८००, म्हणजे ९,६००. पुस्तकं आणि टेस्ट सिरीज १२,०००. मेस अकरा महिन्यांची १४,३००. बेरीज १,८७,९००. दादाचं दोन एकर कोरडवाहू आहे, आणि ते अण्णांनी शेवटच्या काळात मागं टाकलेल्या आणि मी नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत घातलेल्या पैशातून घेतलंय. त्या हंगामात चौदा क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव ४,८९२ होता, दादाला मिळाले ४,१००. म्हणजे ५७,४००, त्यातून बी, खत, फवारणी आणि काढणी जायची आहे. बाकीचं तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून कमावतो, महिना बारा हजार. सगळं धरून दोन लाख.

दादाची स्थिती अण्णांपेक्षा चांगली आहे, हे मी कधीच नाकारणार नाही. तो कुणाचा सालगडी नाही. घर सिमेंटचं आहे, दारात मोटारसायकल आहे, नावावर सातबारा आहे. पण पोरीला शिकवायचं म्हटलं की अण्णांना कमाईचा अर्ध्याच्या आतला भाग पुरला आणि दादाची जवळजवळ सगळी कमाई गेली. वहिनीनं बचत गटातून पन्नास हजार उचलले, काही मी दिले. दादा अण्णांच्या पुढं गेला, पण दवाखान्याची, कॉलेजची, चांगल्या नोकरीची जागा त्याच्यापेक्षा जास्त वेगानं पुढं सरकली. मला हे आकडे मांडेपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्यानं पूर्ण माफ केली आहे, मेडिकलसुद्धा त्यात आलं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ती प्रवेश मिळाल्यावर लागू होते. प्रवेश मिळेपर्यंतचा, म्हणजे मी वर मांडलेला खर्च, आईबापाच्या अंगावरच राहतो. बारावीच्या गुणांवर मेडिकलला जाता यायचं तोवर हा खर्च कॉलेजात भागत होता. मग राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी आली, मग नीट आली, आणि शिकवणं कॉलेजच्या कुंपणाबाहेर आलं.

परत मेसकडं येते. पहिल्या दिवशी पैसे द्यायला गेले तेव्हा मावशी कणकेच्या हातानं बसल्या होत्या, म्हणून म्हणाल्या, "ताई, तुमीच लिवा, वही तिथं हाय." लांब वही आहे, दोनशे पानी, दर मुलीला एक पान. वर नाव, गाव, बापाचा नंबर. त्याखाली डब्याचा प्रकार. आणि उजवीकडं एक रकाना, पैसे कधी येणार त्याचा. भाचीचं पान शोधताना मी बाकीची पानं उलटत गेले आणि मग उलटतच राहिले. काही पानांवर लिहिलेलं होतं, '१ तारखेला, फोनवर'. काहींवर '५ ते ७, पगार'. आणि नुसतं कोरड्यासच्या बहुतेक पानांवर : 'सोयाबीन निघाल्यावर.' 'तूर विकल्यावर.' 'कारखाना सुरू झाल्यावर.' 'साल फिटल्यावर.' एकीवर 'शेळी' एवढंच लिहून पुढं काही नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, हे पैसे खरंच येतात?"

"येत्यात की. उशिरा येत्यात, पण येत्यात. बुडवलं ते दोघांनीच आजवर, आन् ते दोघंबी १ तारखेवाले व्हते."

"आणि तोवर किराणा?"

"स्पेशलवाल्या पोरींचे पैसे आधी येत्यात ना ताई. त्यांच्यावर किराणा भरते. त्यांची भाजी आन् ह्यांची भाजी एकाच भगुन्यातली."

म्हणजे या मेसची जी काही किमया आहे ती एवढीच आहे. ज्यांचे पैसे वेळेवर येतात त्यांच्या जोरावर ज्यांचे उशिरा येतात त्या थांबू शकतात, आणि त्यासाठी कुणाला हात जोडावे लागत नाहीत. म्हणून स्पेशलचे ३,८०० मला महाग वाटत नाहीत. परवडत असेल त्यांनी आनंदानं स्पेशल लावावा.

स्पेशलवाल्या मुलींबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्या चांगल्या मुली आहेत. भाचीच्या शेजारी बसणारी एकजण उदगीरकडची, वडिलांचा स्वतःचा दवाखाना. मुख्य क्लासशिवाय तिला फिजिक्सची वेगळी शिकवणी आहे. परीक्षेच्या आधीचे चार महिने तिची आई इथं फ्लॅट भाड्यानं घेऊन राहिली होती. आई लातूरला येऊन राहणं हे आता बरंच दिसतं. मला जेवताना ती म्हणाली, "आत्या, मला अर्धी भाकर द्या ना, पोळीचा कंटाळा आला." तिनं दह्याची वाटी भाचीकडं सरकवली आणि दोघी काहीतरी बायोलॉजीचं बोलत जेवल्या. हुशारीत दोघींत उन्नीस-बीस. भाचीला ४३१ मिळाले, त्या मुलीला ४१८. दोघींनाही ते पुरण्यासारखे नव्हते. २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांवर मुलं बसली होती.

निकालाच्या रात्री त्या मुलीच्या घरी ठरलं, रिपीट. पंधरा मिनिटांत. आमच्या घरी चार दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

मी मावशींना विचारलं, दुसऱ्या वर्षाला कोण थांबतं? त्यांनी वही पुढं ओढली आणि बोटानं मोजून दाखवलं. गेल्या वर्षी स्पेशलच्या एकतीस होत्या, त्यातल्या अकरा परत आल्यात. साध्याच्या सदतीस, त्यातल्या सात. कोरड्यासच्या सोळा, त्यातल्या दोन, आणि त्या दोनांतली एक माझी भाची. "त्या पोरी कच्च्या व्हत्या म्हून गेल्या न्हाईत ताई," मावशी म्हणाल्या. "त्येंना एकच डाव असतो."

माझाही एकच डाव होता. १९९८ ला बारावीला पीसीबीत, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून, ३०० पैकी २६३ पडले आणि त्या वर्षी ते मेडिकलला पुरले नाहीत. एक वर्ष थांबून बघू, असं म्हणायची आमच्या घराची ऐपत नव्हती. दादानं भूकंपाच्या वर्षी, १९९३ ला, दहावीनंतर शाळा सोडलेली होती. घराची भिंत पडली होती आणि अण्णांच्या पायाला लागलं होतं, त्यांच्या जागी सालावर तो गेला. तो माझ्यासाठी आधीच थांबला होता, मग मी आणखी एक वर्ष कशी मागणार? सरकारी नर्सिंग स्कूलला विद्यावेतन मिळायचं म्हणून मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, हजारो माणसं माझ्या हाताखालून बरी होऊन घरी गेलीत. पण २६३ गुणांची मुलगी आणि तेवढ्याच गुणांची, दुसऱ्यांदा बसू शकणारी मुलगी, यांत जो फरक पडला तो अभ्यासाचा नव्हता.

२०१८ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संस्थेचा एक अहवाल आला होता, त्याची बातमी मी कापून ठेवली आहे. सगळ्यात गरीब दहा टक्क्यांतल्या घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब त्यात होता. डेन्मार्कमध्ये दोन. भारतात सात. मी ते वाचलं तेव्हा अण्णा, मी, भाचरं अशी बोटं मोजली होती. मेसमध्ये बसून त्या वहीतली नावं वाचताना मला कळलं की त्या सात पिढ्यांतली एखादी पिढी कुठं वाया जाते. ती पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात जाते, घरात चार दिवस कुणी बोलत नाही तेव्हा.

दादाचं म्हणणं होतं, बीएस्सीला घाला, नाहीतर पाहुण्यांनी आणलेलं स्थळ बघू. तो असं बोलणारा माणूस नाही. बचत गटाचा हप्ता मानेवर होता म्हणून बोलला. मी म्हटलं, एक वर्ष माझं. क्लासचं मी बघते.

मावशींची गोष्ट थोडक्यात सांगते, त्यांची परवानगी आहे. अहमदपूर तालुक्यातल्या. नवरा आडत बाजारात हमाल. २०१३ ला सहा मुलींचे डबे घेऊन सुरुवात केली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत भांडी घासायला पाणी नको म्हणून मावशींनी पत्रावळींवर जेवू घातलं आणि एक दिवस मेस बंद ठेवली नाही. २०२० ला मात्र क्लासच बंद झाले, मुली गावी गेल्या आणि खोलीचं भाडं चालूच राहिलं. तेव्हा कणीक मळायची मशीन विकावी लागली. ती अजून परत घेणं झालेलं नाही.

ती मशीन नाही म्हणून मावशींची मुलगी पहाटे साडेचारला सात-आठ किलो कणीक हातानं मळते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आठही दिवस तिला बघितलं. दोन्ही मनगटांना ती फडकं घट्ट बांधून बसते, आणि मळून झालं की उजवा हात उघडायला तिला थोडा वेळ लागतो. मी तो हात हातात घेऊन बघितला. मनगटाची शीर आखडलेली आहे, वीस वर्षांच्या मुलीची. तिला काही दिवस मळायचं बंद कर म्हणाले, शेकायला सांगितलं, व्यायाम दाखवले. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती परातीपुढं होतीच.

"ह्या गल्लीत मोठी झाली माझी पोरगी," मावशी म्हणाल्या. "समदे क्लास दारात. पन बारावीला तिला क्लास लावता आला न्हाई. फी भरायची का भाडं भरायचं?" वीस मुलींचं दुसरं वर्ष सांभाळणाऱ्या घरातल्या मुलीला पहिलंही मिळालं नाही. या मेसच्या २,६०० आणि १,३०० च्या दरात या मुलीची मजुरी धरलेली नाही, हे जेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं म्हणून लिहिते. मी मावशींना स्पष्ट सांगितलं, दर शंभर रुपयांनी वाढवा आणि आधी मशीन घ्या. कोरड्यासच्या सोळा सोडून अडुसष्ट पोरींचे महिन्याला ६,८०० होतात. कोरड्यासचा दर मात्र वाढवू नका, तो वाढवायचाच तर माझ्या भाचीच्या पानावर वाढवा. त्या विचार करते म्हणाल्या. मुलीला मी जीएनएमची माहिती दिली आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजीचे गुण तिचे आहेत. अर्जाची तारीख बघून कळवते म्हणून तिचा नंबर घेतला आहे.

मेस शोधणाऱ्या आईबापांना आता नेमकं सांगते. खाडा किती दिवसांचा धरतात ते आधी विचारा. तीन महिन्यांचे पैसे एकदम देऊ नका. पाण्याचा जार आणि पोळ्या लाटणारीची नखं स्वतः बघा. रविवारी संध्याकाळी तुमची पोरगी काय खाते ते तिला विचारा, कारण बहुतेक ठिकाणी त्या वेळी मेस बंद असते. इथल्या कोरड्यासवाल्या मुली रविवार सकाळच्या फिस्टच्या पुऱ्या राखून ठेवतात आणि रात्री त्याच खातात. मावशींना ते माहीत आहे, म्हणून रविवारी त्या पुऱ्या मोजत नाहीत. आणि संकोच न करता विचारा, "नुसतं कोरड्यास मिळेल का?" पाच ठिकाणी नाही म्हणतील. सहाव्या ठिकाणी हो म्हणतील, आणि पुढच्या वर्षी कदाचित तिसऱ्याच ठिकाणी.

जेवणाला मी पाचपैकी चार देते. अर्धा गुरुवारच्या वरणाचा कापला, अर्धा एकुलत्या एक नळाचा. वहीला पाचपैकी पाच.

निघायच्या दिवशी दादा सोलापूरच्या गाडीवर सोडायला म्हणून लातूरला आला होता. मी म्हटलं, मेसचे पैसे पण मीच देईन, माझा पगार ५ तारखेच्या आत होतो. साधा डबा लावू, वहिनीची पहाटेची भाकर तरी वाचेल. दादा ऐकेना. भाकर घरचीच जाणार, आणि कोरड्यासाचे निम्मे मी देणार, म्हणाला. जिन्यात उभं राहून आमचं दोघांचं बरंच झालं. मावशी वही घेऊन वाट बघत बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच भाचीच्या पानावरची जुनी ओळ न खोडता तिच्या आधी चार शब्द घातले. आता तिथं असं आहे : 'निम्मे ५ तारखेला आत्या, निम्मे सोयाबीन निघाल्यावर.'